नेकारसुल्मचा गृहस्थ

गुरुवार, ६ मार्च २०२५. दुपारी ४ वाजून १० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहिते. सौनाच्या दाराशेजारच्या घड्याळात बघितलेली आहे. पुढे कोणी "अगं, तसं नव्हतंच झालं" म्हणायला नको.

गुरुवार बायकांचा. मी रिटायर झाल्यापासून तीन वर्षं आम्ही तिघी — मी, स्नेहलता, सरला — साडेतीनला आत, सहाला बाहेर. इथल्या जर्मन रिवाजाप्रमाणे अंगावर काही नाही, खाली फक्त टॉवेल. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात सिस्टर आम्हाला परकर छातीवर बांधून अंघोळ करायला लावायच्या. देव बघतो म्हणे! आज त्यांनीच मला बघितलं असतं तर... असो. त्या बाकावर आम्ही मराठीत बोलतो आणि सगळं बोलतो. नवऱ्यांबद्दल, नवरे नसण्याबद्दल, सरलाच्या ॲपवरच्या उमेदवारांबद्दल, बिछान्याबद्दल. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून, मोठ्यांदा. कारण आजूबाजूला कोणाला काय कळतंय!

आज कळलं. वरच्या बाकावर एक मुलगी होती, सत्ताविसेक वर्षांची, केस टॉवेलात गुंडाळलेले. तिथून वाकून म्हणाली, "सॉरी हं काकू, पण मला सगळं कळतं. मी साताऱ्याची. इथे पीएचडी करते. मागच्या गुरुवारीही इथेच होते, तेव्हा बोलायचा धीर झाला नाही." आम्ही तिघी दगड! मग ती स्नेहलताकडे वळली आणि गोड हसली. "मग काकू, ईस्टरला नेकारसुल्मला जायचं नक्की ना? जाच तुम्ही. ते पहिल्यांदा किस केल्याचं ऐकून मला इतकं छान वाटलं!"

नेकारसुल्म. किस. मागच्या गुरुवारी मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते.

स्नेहलताने टॉवेल छातीपर्यंत ओढला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

सरला म्हणाली, "आल्झो, चला, आता सांगून टाक बाई हिला."

मी काही ऐकायला थांबले नाही. थंड पाण्याखाली उभी राहिले, कपडे घातले, घरी आले. एका परक्या, उघड्या मुलीकडून कळावं मला! मला!

शुक्रवार, ७ मार्च

फोन आला नाही. मी केला नाही.

टेबलावर हाउसिंग सोसायटीचं पत्र आहे. सोमवारी आलं, घर लागलं म्हणून. आठ वर्षं यादीत नाव होतं — माझं आणि स्नेहलताचं, एकत्र. इथेच गार्चिंगला, तीन खोल्या, लिफ्ट. दोघींना झोपायला एकेक, मधली बसायची. म्हातारपण असं काढायचं हे आम्ही दत्तात्रय गेल्यावर ठरवलं होतं. तो तिचा नवरा. जाऊन अकरा वर्षं झाली. मला नवरा नव्हताच, त्यामुळे माझ्याकडून कोणी जायचं बाकी नव्हतं.

दोघींच्या सह्या हव्यात, ३१ मार्चच्या आत. फ्रिस्ट म्हणजे फ्रिस्ट, मुदत म्हणजे मुदत! एकतीस वर्षं इन्स्टिट्यूटच्या ऑफिसात बसून मी भल्याभल्या प्रोफेसरांना हेच सांगत आले. सोमवारी तिला फोनवर कळवलं तर म्हणाली, "अरे वा." नुसतं "अरे वा"! मला वाटलं, आनंदाने शब्द सुचत नाहीत.

शनिवार, ८ मार्च

महिला दिन म्हणून सरला ट्युलिप घेऊन आली. फुलं घेतली. चहा विचारला नाही, तिने स्वतःच केला.

सरला दोनदा घटस्फोटित. तिच्या तोंडाला झाकण नाही. तरीही नेमकी ही एक गोष्ट तिने आठ दिवस पोटात ठेवली. म्हणजे तिला जमतं!

गृहस्थाचं नाव श्यामकांत. विधुर. नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात रंगविभागात होता, आता घरी. तिकडच्या मंडळाच्या गणपतीत भेट झाली. सप्टेंबरात! सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. सहा महिने ती बाकावर माझ्या शेजारी बसून घाम गाळत होती आणि हे सगळं आत.

"मला का नाही सांगितलं?"

"तू मार्क देतेस, साधना."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा तो दाढीवाला आठव. मी सांगत होते, त्याने माझ्या पाठीवर कुठे कुठे ओठ ठेवले. तू मधेच विचारलंस, त्याने दात घासले होते का. तुला काही सांगायचं म्हणजे तोंडी परीक्षा असते गं."

तो प्रश्न योग्यच होता.

मंगळवार, ११ मार्च

स्नेहलता आली. स्वतःहून. कोट न काढता बसली, म्हणजे पळायची तयारी ठेवून.

मी म्हटलं, "सांग. मार्क देणार नाही."

तिने सांगितलं. आधी चाचरत, मग चाचरणं संपलं. मला वाटतं ती मला विसरूनच गेली होती. म्हणाली, "तो विचारतो गं. हात धरू का? इथे हात ठेवला तर चालेल का? बत्तीस वर्षांत दत्तात्रयनं एकदाही विचारलं नाही. दिवा मालवला की समजायचं."

"विचारत बसला तर होतं कधी?"

हसली! डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "होतं. हळू होतं. पहिल्या वेळी माझ्या पोटरीत गोळा आला. मी ओरडले, त्याला वाटलं भलतंच काही. मग पाय चोळत बसला, मग दोघंही हसत सुटलो, मग राहिलंच ते. दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. दुपारी, साधना! पडदे उघडे! पासष्टाव्या वर्षी मला कळलं की मला आवडतं हे. मला वाटायचं, बायकांना सहनच करायचं असतं."

तिचा चेहरा कसा दिसत होता ते लिहीत नाही.

मी म्हटलं, "आणि दत्तात्रयचा फोटो? भिंतीकडे तोंड करून ठेवतेस का?"

तिने कप खाली ठेवला. "हे. ह्याच्यासाठीच सांगितलं नव्हतं."

गेली. सोसायटीच्या पत्राचा विषय निघालाच नाही.

मी वाईट बोलले. पण मला एक कळत नाही — दत्तात्रयचं ते दिवा मालवणं तिने आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं ते मला, कित्येक वर्षांपूर्वी. माझ्या स्वयंपाकघरात, माझा हात धरून रडत. तेव्हा मी मार्क दिले नव्हते. दुःख सांगायला मी, आणि सुख सांगायला सरला?

गुरुवार, १३ मार्च

साडेतीनला बॅग भरली. पावणेचारला परत सोडली.

रविवार, १६ मार्च

स्नेहलताचा मेसेज — "जेवायला ये. ते आलेत. प्लीज." गेले. दोष काढायच्या तयारीने गेले हे कबूल करते.

कानात केस आहेत. विनोद सांगण्याआधी स्वतःच हसतो. वरणाला 'दाल' म्हणतो! यापलीकडे काही सापडेना. ताटं त्याने मांडली, मागचं सगळं त्याने आवरलं. मला म्हणाला, "साधनाताई, तुमच्याबद्दल मी रोज ऐकतो."

मी म्हटलं, "हो का? तुम्हाला माझ्याबद्दल सांगते, मला तुमच्याबद्दल नाही. विभागणी चांगली आहे."

स्नेहलताने डोळे मिटले. तो मात्र मान हलवून म्हणाला, "हो, ते चुकलंच. मी तिला म्हणत होतो, आधी ताईंना सांग." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

जेवणानंतर तळ्यावर फिरायला गेलो. वारा बोचरा. थंडीत स्नेहलताची बोटं पांढरी पडतात, खडूसारखी. रक्तच पोचत नाही. अकरा हिवाळे माझ्या कोटाच्या खिशात तिच्यासाठी गरम व्हायच्या पुड्या असतात, ती आतली चकती दाबली की तापणाऱ्या. तिची बोटं बघून मी खिशात हात घातला, चकती दाबली. तोवर त्याने काय करावं? स्वतःच्या कोटाची बटणं उघडली, तिचे दोन्ही हात घेतले आणि काखेत धरले. काखेत! भर रस्त्यात! आणि ती तशीच उभी राहिली, त्याच्या छातीला कपाळ लावून.

पुडी तापली. घरी येईपर्यंत माझ्याच खिशात तापत राहिली.

सोमवार, १७ मार्च

झोप नाही. अपचन. त्याने वांग्यात तेल फार घातलं होतं.

गुरुवार, २० मार्च

त्या दोघी नकोत म्हणून एक वाजताच गेले. सौनात ती साताऱ्याची मुलगी!

"काकू, तुम्ही अजून चिडलात माझ्यावर?"

"तुझं नाव काय?"

"उर्जा."

"उर्जा, तुझ्यावर चिडून काय करू? खालच्या बाकावर ये, मान दुखते वर बघून."

आली, आणि तिचं सुरू झालं. तिचा मित्र निहार, ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात. महिन्यातून एकदा येतो, दोन रात्री राहतो. "आमचं नक्की काय आहे, हे एकमेकांना विचारायचं नाही असं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"त्याने."

"मग ते ठरलेलं नाही. ती नोटीस आहे."

खूप हसली. मग म्हणाली, अंथरुणात तो चांगला आहे, पण नंतर लगेच फोन बघतो. त्याच वेळी तिला सगळ्यात एकटं वाटतं. मी म्हटलं, हे त्याला सांग. सांगितल्यावर पळाला तर त्याच्या तिकिटाची तारीख बघत बसायचं तुझं काम संपलं. मला बरं वाटलं. मी उगाच मार्क देत नाही, हे सरलाने ऐकायला हवं होतं.

मग तिने विचारलं, "तुमचं कोणी होतं, काकू?"

कोण जाणे का, सांगितलं. एक होता. इथलाच, बव्हेरियन. एकोणनव्वद साली, चार महिने. "कसं होतं?" विचारते! नीटनेटकं होतं म्हटलं. वेळेवर यायचा, बूट दाराशी काढायचा, वेळेवर जायचा. मधल्या वेळात मी छताकडे बघून दुसऱ्या दिवशीचं टपाल मनात लावायची. त्याचा काही दोष नव्हता. मला वाटलं, मी तशीच आहे. थंड. काही बायका असतात.

तिने टॉवेलाने कपाळ पुसलं. मग म्हणाली, "मग तुम्हाला स्नेहलताकाकूंचा हेवा कशाला? तुम्हाला हवाय का कोणी श्यामकांतकाकांसारखा?"

"मला? शी!"

माझी 'शी' इतकी चटकन आली की मीच दचकले. उर्जा माझ्याकडे बघत राहिली. ही मुलगी प्रयोगशाळेत चांगली असणार. उत्तर चुकलं की प्रश्न बदलते.

"मग हेवा नक्की कोणाचा वाटतो, काकू?"

मी म्हटलं, मी रागावले आहे, हेवा नाही, दोन्हीत फरक आहे. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाली. न पटल्याच्या सुरात. आणि टॉवेल उचलून गेली.

मी पंधरा मिनिटांच्या वर बसून राहिले. शेवटी तिथली बाई दार उघडून विचारून गेली, तुम्ही ठीक आहात ना?

शुक्रवार, २१ मार्च

कोणाचा.

सोमवार, २४ मार्च

स्नेहलताचा मेसेज. शब्दशः उतरवते:

"सही करायला कधी येऊ? मी घाबरले होते गं तुला सांगायला, घर मोडेल म्हणून. पण श्यामकांत म्हणतात घर सोडायचं नाही. शनिवार-रविवार मी तिकडे, बाकी पाच दिवस तुझ्याजवळ. चालेल ना?"

म्हणजे जिंकले मी. आठ वर्षांची यादी, तीन खोल्या, लिफ्ट, आठवड्याचे पाच दिवस. फक्त 'ये' एवढं लिहायचं.

दुपारभर लिहिलं नाही. दर शुक्रवारी ती बॅग भरणार, भरताना गुणगुणणार. भिंतीपलीकडून मला ऐकू येणार. दर सोमवारी ती मधल्या खोलीत बसून मला सांगणार — आता सांगेलच, आता भीती गेली — कुठे हात ठेवला, काय विचारलं. मी चांगली मैत्रीण म्हणून ऐकणार. पाच दिवस मिळतील. फक्त गप्प बसायचं. मला गप्प बसता येतं का? सदुसष्ट वर्षं बसलेच की. स्वतःशीसुद्धा!

मंगळवार, २५ मार्च. सकाळी ९ वाजून २० मिनिटं.

पत्र तिच्या टपालपेटीत टाकून आले. नक्कल:

"स्नेहलता — सही करण्याआधी हे वाच. मला तुझा हेवा वाटत नाही. मला श्यामकांतचा वाटतो. मलाही आत्ताच कळलंय. तुला न सांगता तुझ्या शेजारच्या खोलीत येऊन राहणं ही फसवणूक होईल. मला काही नको आहे, तुला माहीत असलेलं हवं आहे. हे कळूनही माझ्याबरोबर राहायचं की नाही, ते लेखी कळव. सरलाला सांगण्याआधी मला. फोन करू नकोस, फोनवर मी नक्की काहीतरी लागट बोलेन. उत्तर माझ्या पेटीत, शुक्रवार, २८ मार्च, दुपारी बारा वाजेपर्यंत."