टेकाडाकडची कनात

४ जानेवारी

टेकाडावर बसून मॅच बघितली तर तिचे पैसे पडतात का?

मला माहीत नाही. खरंच नाही. फुटबॉल स्पर्धा समितीची सेक्रेटरी मी, तिकिटाचा ठराव माझ्या अक्षरातला — आणि आज बाजारात कालीबाईनं हे विचारलं तर मी नुसती हसले. कालीबाई म्हणजे आमच्या गोलकीपर रविनाची आई. तुरीच्या शेंगांचं गाठोडं सोडून बसली होती. "टेकाडावर बसू, तं तेचे बी पैसे का?" शेजारच्या बायांनीही माना वर केल्या. कुणी थट्टा करत नव्हतं. त्यांना मेळ बसवायचा होता — पाड्यावरून अक्कलकुव्यापर्यंत जीपचं भाडं, परतीचं भाडं, वर माणशी तीस रुपये. आणि मॅच बघायला घरातलं एकच माणूस येतं का कधी?

विचारून सांगते म्हटलं. कुणाला विचारणार? ठराव मांडला तो मीच!

७ जानेवारी

स्वतःलाच पुन्हा समजावतेय.

मागच्या वर्षी मुलींच्या मॅचमध्ये रविनाचा हात मोडला. गोलमध्ये उभी होती, खांबावर आदळली. मैदानावर साधी पट्टी नव्हती. मिरचीच्या पोत्यांवर बसवून टेम्पोतून तिला दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेत तिचं कोपर माझ्या मांडीवर होतं आणि ती मलाच म्हणत होती, रडू नको, तुझे डोळे मिरचीनं जातील. कॉलेजची तीन वर्षं एका बाकावर काढली आम्ही. तेव्हाच मी ठरवलं — पुढच्या वर्षी डॉक्टर असेल, जाळी असेल, मुलींच्या पायात बूट असतील. मुलींचा खेळ म्हणजे कुणाची मेहरबानी नव्हे.

तिकीट त्यातून निघालं. फुकट बघितलेल्या खेळाला मान नसतो, असं मी बैठकीत म्हणाले. सगळ्यांनी सह्या केल्या. मला वाटलं, पटलं.

जिनेशभाई खूष. समितीचे अध्यक्ष ते, कापडाच्या दुकानाचे सुमेरमलशेठ त्यांचे वडील. म्हणाले, "अतिकाबेन, हेच मी बोललो असतो ना, तर लोक म्हणाले असते, शेठचा पोरगा इथं पण धंदा काढतो."

९ जानेवारी

मैदानाभोवती कापडाची कनात बांधायचं काम अब्बांना मिळालं. मी शब्द टाकला नव्हता — तालुक्यात मंडपाचं काम बशीरशिवाय कुणाला देणार? तरी अम्मीनं टोमणा मारलाच. "बेटी बी.ए. हुई तो मैदान को भी परदे में बिठा दिया."

अब्बा हसले नाहीत. कनात झटकत बसले होते. म्हणाले, लग्नाला बांधतो तेव्हा आतल्यांसाठी बांधतो. ही बाहेरच्यांसाठी आहे.

१० जानेवारी

छगनकाका रस्त्यात भेटले. दरवर्षी माइकवर कॉमेंट्री त्यांचीच. मला बघून सायकलवरून उतरले. "चादर बंद करी टाकी, मंग मी माइकवर काय बोलू? नुस्ता गोल मोजू?"

चादरही मीच बंद केली. दरवर्षी मध्यंतरात दोन्ही टीमचे खेळाडू एक मोठी चादर चार कोपऱ्यांना धरून मैदानाभोवती फिरायचे. ज्याला जे वाटेल ते त्यात पडायचं. नाणी, शेंगा, अंडी, भोपळा. कोंबड्या दोन्ही टीमच्या जेवणाला जायच्या, बाकीच्याचा छगनकाका तिथंच लिलाव करायचे. जेवणासाठी कोंबडी बाजूला काढली की सुमेरमलशेठ तोंड फिरवून उभे राहायचे आणि तुरीच्या शेंगा आल्या की बोली लावायला पुढे! सगळं मैदान हसायचं.

मला ते भीक मागितल्यासारखं दिसायचं. खेळाडूंनी चादर का पसरायची? ठरावात तसंच लिहिलं. कोणी विरोध केला नाही. इथं लिहिलेल्याला कोणी विरोध करत नाही, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

१२ जानेवारी

बूट आले! रविनाला हातमोजेही. तिनं ते घालून माझे दोन्ही गाल दाबले. म्हणाली, "आता बॉल काय, म्हैस पण अडवीन."

आधी विकलेल्या तिकिटांच्याच पैशातून आले. हे विसरायचं नाही.

१४ जानेवारी

पहिली मॅच. रविनाच्या टीमची.

आत खुर्च्या मांडल्या होत्या. दुकानदार, शिक्षक, दोन-तीन सरकारी गाड्या. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. टेकाड मात्र भरलेलं. गोलच्या मागे बाहेर ते टेकाड आहे, तिथून कनातीवरून अर्धं मैदान दिसतं. वरच्या पाड्यांवरची सगळी माणसं तिथं. म्हटलं, चला, बघतायत ना, बरं झालं.

मग लक्षात आलं — तिकडून आवाज नाही.

इतकी माणसं, आणि आवाज नाही. रविनाच्या टीमनं गोल केला तरी नाही. मी कनातीच्या फटीतून गेले, टेकाडावर चढले. कालीबाईनं पदर तोंडात धरला होता. दरवर्षी हीच बाई सगळ्यात मोठ्यानं ओरडते. "मनी कोंबडी खादी ना? मंग पळ आता!" सगळी टीम तिला घाबरते. आज पदर तोंडात.

मी विचारलं, ओरडत का नाही?

तिनं पदर काढला, इकडेतिकडे बघितलं, हळूच म्हणाली, "ओरडलो, तं पैसे मागाया येतील."

खाली आले. जिंकलो आम्ही. मला टाळ्या वाजवायचं सुचलं नाही.

१६ जानेवारी

बैठक. मी म्हणाले, तिकीट निम्मं करू. नाहीतर टेकाडाची बाजू मोकळी ठेवू. जिनेशभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत — मला वाईट माणूस सापडला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, डॉक्टरला बोलावलंय, पंच सुरतहून येतायत, जाळी उधारीवर आणलीय. आत बसलेले विचारतात, बाहेरचे फुकट बघतात तर आम्ही पैसे का दिले? त्यांना काय सांगू?

वहीत कालीबाईच्या प्रश्नाखाली हाही लिहिला. दोन प्रश्न झाले.

ठरलं काय? टेकाडाच्या बाजूला कनात दुप्पट उंच करायची. मी विरोध केला. मग तेही मलाच लिहून घ्यावं लागलं, सेक्रेटरी ना मी.

१८ जानेवारी

आज अब्बांबरोबर मैदानावर होते. लहानपणी जायचे तशी, दोऱ्या हातात द्यायला.

एका कनातीवर दुसरी चढवायची म्हणजे बांबूला बांबू जोडावा लागतो. अब्बांना ते आवडलं नाही. "डबल कनात हवा पकडती है." म्हणून त्या बाजूच्या सगळ्या दोऱ्या त्यांनी एका सरकगाठीत आणून बांधल्या. सोसाट्याचा वारा आला तर एकदाच ओढायचं, कापड खाली. कापड गेलं तरी चालेल, बांबू माणसांवर पडता कामा नये. ही त्यांची पद्धत. आजवर बशीरची कनात कोणत्याही लग्नात आपोआप पडलेली नाही, हे ते स्वतः सांगत नाहीत, लोक सांगतात.

शेवटची गाठ मला मारायला लावली. "देखूँ, याद है या बी.ए. में भूल गई."

आठवत होतं.

गाठ मारून झाल्यावर मी टेकाडावर जाऊन बघितलं. काही दिसत नव्हतं. निळंपिवळं कापड फक्त.

२२ जानेवारी

काल सेमीफायनल जिंकली. २६ला फायनल, झेंडावंदनानंतर. आज रविना पास घ्यायला आली. समितीनं प्रत्येक खेळाडूला घरच्यांसाठी दोन पास दिलेत, ही माझीच सूचना. मला वाटलं, खूष होईल.

पास उलटेसुलटे करून बघितले तिनं. "दोन? पाड्यातली दोन माणसं निवडायची म्हणजे आधी तिथंच एक मॅच ठेवायला लागेल."

आई आणि बाबा, मी म्हटलं.

"आणि काकी? जिनं माझा हात मोडला होता तेव्हा महिनाभर पाणी भरलं ती?" हसत होती, पण पास तिनं टेबलावर ठेवले. मग म्हणाली, काल मागून आवाजच नव्हता. आई ओरडते त्यावरून मला कळतं, पुढं यायचं की थांबायचं. तिला अख्खं मैदान दिसतं, मला समोरचे पायच दिसतात. काल दोनदा चुकले, नशिबानं वाचले.

मी म्हटलं, हातमोजे चांगले आहेत ना?

"हातमोजे चांगले आहेत, अतिका." एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. पास माझ्याकडेच राहिले.

२३ जानेवारी

पुन्हा जिनेशभाईंकडे. नाही म्हणाले. आता तीनच दिवस राहिले, पुढच्या वर्षी बघू.

रविनाचं लग्न ठरलंय, मार्चमध्ये. पुढच्या वर्षी ती कुठे असेल?

२५ जानेवारी

बसवत नाही, वाचवत नाही. अम्मी म्हणते, पायाला चाकं लागलीत का? तीनदा मैदानावर जाऊन आले. अब्बांना विचारलं, उद्या हवा असेल का? त्यांनी आभाळाकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

२६ जानेवारी

फायनल झाली. हरलो, २–१.

पहिल्या अर्ध्यात वाईट खेळलो. माणसं आली होती, सगळी आली होती — कनातीपलीकडे टेकाडावर बसून छगनकाकांच्या माइकवरून मॅच ऐकत होती! दिसत काही नव्हतं. काका बोलले की तिकडून थोड्या वेळानं कुजबुज यायची. पहिला गोल रविनाच्या डोक्यावरून गेला. ती पुढे आलीच नाही. उभी राहिली. दुसरा गोलही तसाच.

मध्यंतरात टेकाडाकडची कनात पडली. कशी, ते आज लिहीत नाही.

सगळी एकदम पडली, वरपासून खालपर्यंत, आणि मागं अख्खं टेकाड उघडं. क्षणभर ते लोक आमच्याकडे बघतायत, आम्ही त्यांच्याकडे. मग पलीकडच्या पोरांनी पडलेलं कापड कडेला धरून उचललं, बाजूला करायला म्हणून. कालीबाई उठली आणि तिनं त्यात शेंगा टाकल्या. सवयीनं टाकल्या, मला वाटतं. मग दुसरीनं अंडी. मग कोणी कोंबडा. कनात धरून पोरं मैदानाभोवती फिरायला लागली. छगनकाकांनी कुणाला विचारलं नाही, लिलावच चालू केला. सुमेरमलशेठ कोंबड्याकडे पाठ करून उभे राहिले. खुर्च्यांवरचेही हसले.

सगळे नाही. काही जण आमचे तीस रुपये परत करा म्हणत जिनेशभाईंना घेरून उभे होते. त्यांचंही चूक नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात कालीबाईचा आवाज पार बाजारापर्यंत गेला असेल. रविना आता समोरच्या गोलमध्ये होती, सगळ्या मैदानाच्या त्या टोकाला, तरी तिला ऐकू जात होतं. तिनं चार अडवले. आम्ही एक फेडला. मॅच संपल्यावर ती सरळ टेकाडावर गेली आणि आईच्या डोक्यावर हातमोजे ठेवून आली.

मग जिनेशभाई अब्बांकडे आले. सगळ्यांसमोर. "बशीरचाचा, अशी बांधणी? माणसं असती खाली तर?" अब्बा दोरी गुंडाळत होते. दोरी तुटलेली नव्हती, गाठ नुसती सुटलेली होती, हे त्यांच्या हातांना कळलंच असणार. मान वर न करता म्हणाले, "हवा आई थी."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, बशीरचाचा म्हातारे झाले.

झेंड्याचं कापड दिवसभर खांबाला चिकटून लोंबत होतं. सगळ्यांनी बघितलंय.

२७ जानेवारी

दुकान उघडताच गेले. सुमेरमलशेठ होते, गिऱ्हाईक होतं, जिनेशभाई होते. सगळ्यांसमोर सांगून आले — अब्बांची गाठ पक्की होती. हवा नव्हती. मी होते.