चपलांची राखण

रविवार संध्याकाळ, चिखली

बेटावरच्या त्या रिसॉर्टहून आज परत आलो. समुद्रात उतरताना नवरा म्हणाला, "तुले भेव वाटीन, तू चपला सांभाळ." मग तो, त्याचे मित्र, त्यांच्या बायका, सगळे लाइफ जॅकेटं घालून कमरेएवढ्या पाण्यात किंचाळत होते. मी चपलांपाशी.

माहेरी, धाडच्या विहिरीत बाबांनी पाठीला भोपळा बांधून मला पोहायला शिकवलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली, ह्यानं कधी विचारलंच नाही. मी तरी काऊन सांगावं?

दुसऱ्या सकाळी समुद्रात एकटीच मनसोक्त पोहून आले. ओले केस पाहून हा म्हणाला, "गरम पाणी येऊन राह्यलं का?"

आत्ता सासूबाईंना सांगतोय, "हिनं पाय बी नाही भिजवला."

त्याच्या चपलेत अजून रेती आहे. मी झटकणार नाही.