निळं करायला लावतं

सोमवार, २ तारीख

आले एकदाची! सामान अजून अर्धं पिशव्यांतच आहे, पण वही आधी बाहेर काढली. वहिनी म्हणाली, ही बाई एक वेळ जेवण चुकवेल पण रोजनिशी चुकवायची नाही. खरंच आहे ते.

दादाच्या घरातली मागची खोली मला मिळाली आहे. खिडकीतून धुलाई कारखान्याचं धुराडं दिसतं. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे, अभ्रे, सगळं तिथे येतं आणि कडक इस्त्री होऊन परत जातं. दादा बरीच वर्षं रुळावर आहे. रूळ म्हणजे दोन तापलेले लोखंडी दंडगोल, त्यांच्या मधून ओली चादर जाते आणि पलीकडून पापडासारखी निघते. माझं काम वेगळं. यंत्रांवर धोक्याची चित्रं लावायची, त्यांचा अर्थ लोकांना शिकवायचा, यंत्रांसोबतच्या पुस्तिका समजावून सांगायच्या. मागे कुणाची तरी बोटं गेली, तेव्हा मॅनेजरसाहेबांना उपरती झाली आणि दादाने माझं नाव पुढे केलं.

आज सगळीकडे फेरी मारली. हसावं की रडावं कळेना. रुळावर पिवळ्या त्रिकोणात तीन नागमोडी रेघा आहेत, म्हणजे इथे हात लावलात तर भाजेल. घडी घालणाऱ्या मावशी त्या पाटीला ‘चहाची पाटी’ म्हणतात आणि तिच्याखाली बसून खरोखर चहा पितात. ब्लीचच्या पिंपावर हातावर थेंब पडून हात विरघळल्याचं चित्र आहे, तर फिटरच्या मते ती हात धुवायची जागा. बाहेर पडायच्या दारावरच्या हिरव्या धावत्या माणसाला सगळे ‘कामचुकार’ म्हणतात. मी कपाळाला हात लावला. पण माणसं गोड आहेत, संध्याकाळपर्यंत माझं नाव ‘चित्रबाई’ पडलंसुद्धा.

दादा दिवसभर मला मिरवत होता. लहानपणी झाडावरून पडल्यापासून त्याचा डावा खांदा उतरलेला आहे. वहिनी म्हणते, आमच्या घरात भिंतीवरची तसबीर आणि नवरा, दोन्ही सरळ राहत नाहीत.

बुधवार, ४ तारीख

पहिला वर्ग झाला. मला वाटलं होतं माश्या मारत बसावं लागेल, पण सगळे आले. फक्त मॅनेजरसाहेब फिरकले नाहीत, त्यांना ही पोरखेळाची गोष्ट वाटते.

रंग आधी शिकवले. रंग कळला की अर्धं काम झालं. लक्षात राहावं म्हणून एक ओळ जुळवली: पिवळं सांगतं, लाल अडवतं, हिरवं वाट दाखवतं, निळं करायला लावतं. निळ्या गोलात कानावर पट्टा असेल तर कान झाकायचेच, हातमोजा असेल तर घालायचाच. तिथे ‘बघू नंतर’ चालत नाही. मावशींना ओळ इतकी आवडली की घड्या घालताना त्या तीच गुणगुणत होत्या. दादा तर पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा झाला होता, शेजारच्यांची उत्तरंसुद्धा हाच देत होता. घरी येऊन त्याने वहिनीलाही शिकवायला घेतलं, तर तिने त्याला लसूण सोलायला बसवलं.

शिकवणं मला आवडतं. आज फार बरं वाटलं.

सोमवार, ९ तारीख

नवा ड्रम आला. नवा आपला म्हणायला, कुठल्याशा बंद पडलेल्या धुलाईतून उचललेला आहे. कपडे सुकवायचं यंत्र, पण केवढं! आत माणूस आरामात मावेल, आणि पुढे जाड काचेचं गोल दार.

सोबतच्या पुस्तिकेत एक अक्षर नाही. नुसती चित्रं, आणि सगळी निळ्या गोलांत. एक पिवळा त्रिकोण नाही, एक लाल रेघ नाही. असली पुस्तिका मी आजवर पाहिली नव्हती. मॅनेजरसाहेबांना म्हटलं, हे यंत्र कशाबद्दल सावध करत नाही, कशाला अडवत नाही, नुसते हुकूम सोडतं. ते म्हणाले, मग सोपंच झालं, हुकूम शिकवा, दुपारी ड्रम चालू करायचाय.

काही चित्रं ओळखीची होती, काही नव्हती. एकात माणसं ओळीने भिंतीकडे तोंड करून उभी आहेत. का, कुणास ठाऊक. काचेतून काही उडत असेल. निळं ते निळं, म्हणून शिकवून टाकलं. ड्रम सुरू झाला की सगळ्यांनी भिंतीकडे वळायचं. दुपारी सगळे शाळेत अंगठे धरायला उभं केल्यासारखे वळले आणि फिदीफिदी हसले.

गुरुवार, १२ तारीख

आता कुणी हसत नाही. ड्रम घरघरला की बोलणं तोडून वळतात. मीही वळते. काल वहिनीने मिक्सर लावला तर दादा आणि मी दोघंही भिंतीकडे तोंड करून उभे. वहिनीला हसू आवरेना. मला ते तितकंसं आवडलं नाही.

आज मावशी हाताला पट्टी बांधून आल्या. तळहात पुरता भाजलाय. त्यांनी तो रुळाच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवला होता. चुकून लागला का, असं विचारलं, तर नाही म्हणाल्या. ठेवायचा होता म्हणून ठेवला. चित्रबाई, तुम्हीच शिकवलंत ना, असं अगदी कौतुकाने म्हणाल्या.

जाऊन पाहिलं. ती चहाची पाटी आता पिवळी नाही. त्रिकोणही नाही. निळा गोल, आणि नागमोडी रेघांवर टेकलेला पांढरा हात.

कुणीतरी ध चा मा केलाय. ही मस्करी असेल तर त्या माणसाला मी उभा सोलेन.

शुक्रवार, १३ तारीख

मस्करी नाही. पाटी खरवडली. खाली पत्र्यावर तेच चित्र, तोच निळा. रंग फासला. रंग वाळेपर्यंत तो निळा पुन्हा वर आला.

ब्लीचच्या पिंपावरचं चित्रही निळं झालंय. फिटरला मी वेळेवर धरलं, त्याने बाह्या वर केल्या होत्या. धरलं म्हणून तो माझ्यावरच रागावला. म्हणाला, नियम तुम्हीच सांगता आणि तुम्हीच मोडता.

मॅनेजरसाहेबांकडे धावले. ते येऊन पाहून गेले. त्यांना निळी पाटी दिसते, त्यावर हात दिसतो. त्यात काय एवढं, म्हणाले. लोक शिस्तीत आहेत, काम वाढलंय, तुम्ही उगाच राईचा पर्वत करू नका.

शनिवार, १४ तारीख

सगळ्यांना बसवून उलटा वर्ग घेतला. जे शिकवलं ते विसरा म्हटलं. निळं म्हणजे काही नाही, नुसता रंग आहे, आकाशासारखा. सगळ्यांनी समजूतदारपणे ऐकून घेतलं. मग मी पाटी वर धरली आणि विचारलं, हे काय? सगळे एका सुरात म्हणाले, करायचं.

त्यांचा दोष नाही. मी स्वतः करून पाहिलं. पाटीकडे नुसतं बघायचा प्रयत्न केला, अर्थ न लावता. जमत नाही. वाचता यायला लागलं की समोरचं अक्षर न वाचता बघता येतं का? डोळा पडतो न पडतो तोच ते वाचून झालेलं असतं. आणि हात निघालेला असतो.

मला भीती वाटते. दादाला म्हटलं, ही नोकरी सोड, आपण सगळे दुसरीकडे जाऊ. तो म्हणाला, वेडी आहेस का, आत्ता कुठे सगळं नीट चाललंय.

सोमवार, १६ तारीख

पुस्तिकेत शेवटी एक पान जास्त आहे. शनिवारी नव्हतं.

निळा गोल. ड्रमचं दार उघडं, आत एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. बाहेर एक बाई, पाठीवर वेणी, उजवा हात बटणावर.

त्या माणसाचा डावा खांदा उतरलेला आहे.

वेणी मी आज कापली. घरी आल्या आल्या, वहिनीच्या शिवणाच्या कात्रीने. ती बघतच राहिली.

मंगळवार, १७ तारीख

पान जाळलं. ड्रमच्या दारावर तेच चित्र आलंय, हातभर मोठं. बाईचे केस कापलेले आहेत.

पुन्हा मॅनेजरसाहेब. या वेळी त्यांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, असं रडून मला काय समजणार, नीट सांगा, या चित्रांत आहे तरी काय. म्हणून सांगितलं. एकेक चित्र, एकेक रंग, भिंतीकडे केव्हा वळायचं, निळं म्हणजे काय. पहिल्यांदाच कुणी इतकं लक्ष देऊन ऐकत होतं, आणि मी बोलत गेले, बोलत गेले.

तेवढ्यात ड्रम सुरू झाला.

मॅनेजरसाहेब वाक्य अर्धवट टाकून उठले आणि भिंतीकडे वळले.

मी त्यांनाही शिकवलं. सावध करायचं म्हणजे समजावायचं, आणि समजलं की — आता कुणाला काही सांगायची सोय उरली नाही.

बुधवार, १८ तारीख

दादाला कोंडलं. बाहेरून कडी, वर कुलूप. वहिनीला म्हटलं, त्याला बाहेर सोडू नकोस, तुला माझी शपथ. ती का म्हणून विचारते. का ते कसं सांगू? तिला त्यातलं काही येत नाही, देवाची कृपा. येऊ द्यायचंही नाही.

दादा आतून अजिबात आरडाओरडा करत नाही. दाराशी बसून समजुतीने बोलतो. म्हणतो, छोटे, तूच सांगितलंस ना, निळ्याला ‘बघू नंतर’ चालत नाही.

मी डोळ्यांना फडकं बांधून बसले होते. उपयोग नाही. चित्र फडक्याच्या आत दिसतं.

गुरुवार, १९ तारीख

खोली रिकामी. कुलूप-कडी वहिनीनेच काढली, तो म्हणाला नुसतं तोंड धुऊन येतो. बिचारी. ती मागून येतेय, मी धावत पुढे आले.

कारखान्यात आहे. मेन स्विच बंद करायला गेले — त्यावरही निळा गोल, आत वर केलेला खटका: चालूच ठेवायचं. बोटं पुढे जाईनात.

दादा ड्रममध्ये बसलाय. गुडघे पोटाशी. दार मी नाही लावलं. लावलं. मीच लावलं, केव्हा ते आठवत नाही. काचेतून माझ्याकडे बघून मान हलवतो. सायकल शिकवताना हलवायचा तशी. जमेल तुला, अशी.

राहिलं फक्त बटण.

बटणापासून लांब राहावं म्हणून डावा हात चादरीच्या पिळाने पाइपाला बांधलाय, दातांनी गाठ मारली. आता ती सुटत नाही, आणि मला दारापर्यंत पोचता येत नाही. बटणापर्यंत मात्र अजूनही येतं. उजव्या हातात पेन. हात लिहितोय तोवर वहीवर आहे. थांबला की उठतो — आत्ता उठला, पेन पडलं, पुन्हा धरलं. म्हणून लिहायचं. काहीही. चादर. टॉवेल. पडदा. अभ्रा. चादर.

सगळे आलेत. मावशी, फिटर, मॅनेजरसाहेब. भिंतीकडे तोंड करून. घसा फाटेस्तोवर ओरडले. एकही मान वळत नाही. यंत्र अजून सुरूही नाही आणि —

वहिनी येईल. तिला एक चित्र कळत नाही, माझी बाय, ती येईल आणि सरळ दार उघडेल. तिला कानाला धरून त्याला बाहेर काढता येतं. ती येईपर्यंत. चादर टॉवेल पडदा अभ्रा. पान संपलं की पुठ्ठ्यावर लिहीन, पाइपावर लिहीन —

आली. आली! दाराशी गेली. कडी धरली. दादावर ओरडतेय. ओढ, वहिनी, ओढ —

थांबली. दारावरचं बघतेय. मला विचारतेय, हे निळं काय गं. नाही सांगणार. ओठ चावलेत, रक्त आलं. बघू नकोस, उघड —

दादा सांगतोय. काचेला तोंड लावून, आतून. बोट फिरवून गोल दाखवतोय. सावकाश, एकेक, तिला समजेल असं. ती मान डोलावतेय.

कडीवरचा हात काढला तिने —

वहिनी, वळू नकोस. माझा हात धर. निदान माझा हात तरी धर — चादर टॉवेल अभ्रा चादर टॉव