न्हावऱ्याचा शनवार

दौंड, रविवार

तुझ्या मुलानं मला बिनसाखरेचा चहा दिला आणि वर म्हणाला, आत्या, तुमच्या वयाला साखर बरी न्हाई. माझं वय त्याला एवढ्यातच आठवलं. आत्या दौंडात एकटी राहते, हे कैक वर्षांत आठवलं नव्हतं. न्हावरे काही सातासमुद्रापार नाही. सातासमुद्रापार तू आहेस. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं मी खुशीत येणार आहे आणि मग राहून जाईल.

चि. एलिजा यास लेआअक्काचा शालोम आणि आशीर्वाद. तुझे गुडघे, सिम्हा भावजयीचा दमा आणि तुमच्या इस्राएलातल्या अश्दोदचा उकाडा, तिन्हींची खुशाली कळव. माझं बरं आहे. दात गेले, जीभ आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर तुमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवतात. मी अर्धं वाक्य बोलले की घरातली सगळी जणं "शालोम आजी, शालोम आजी" करतात आणि माझं वाक्य तिथंच मरतं. कागदाला कुणी मध्ये बोलत नाही.

तर ऐक. आपल्या गिदोनला (माझ्या दाविदचा धाकटा, दाढी वाढवलेला) मुंबईच्या मंडळींनी युथ लीडर केलं आहे. म्हणजे आपल्या बेने इस्राएली घरांत जिथं जिथं वयात आलेली पोरं असतील तिथं फटफटीवरून जायचं, त्यांना गाणी शिकवायची, खेळ घ्यायचे, आणि डिसेंबरात अलिबागेकडच्या मेळाव्याला न्यायचं, जिथं आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं. (गलबतातून सात जोडपी वाचली म्हणतात. आता दौंड-शिरूरकडं सात पोरं जमवायची तर आणखी एक गलबत फोडावं लागेल.) दौंडात त्याला रेल्वे क्वार्टर्समधला एकच पोरगा मिळाला. तोही मान खाली घालून मोबाइलशी बोलतो. राहिली तुझी नात, शिमशोनची दिना, न्हावऱ्यात. तिला मेळाव्याला न्यायचंच, असं गिदोनच्या मनात होतं आणि माझ्या मनात त्याच्याहून जास्त होतं. म्हणून म्हटलं, मी येते. मुलगी असलेल्या घरी दाढीवाला पोरगा एकटा गेला तर लोक चहा दाखवतात, मुलगी दाखवत नाहीत.

शुक्रवारी सकाळी निघालो. मी मागं बसले, मांडीवर मलिद्याच्या पोह्यांचा डबा. वाटेत कुणाच्या तरी घरी एलियाहू हन्नाबीच्या नावानं ताट करू म्हणून घेतला होता. आधी यवतला गेलो, तिथं एक आपलं कुटुंब आहे असं मुंबईवाले म्हणाले होते. हायवेच्या कडेला एका फाटकावर सहा टोकांचा तारा दिसला. गिदोननं असा ब्रेक मारला की माझी कवळी सुटली. आत धावला, दाराच्या उजव्या चौकटीला, आपली वचनाची डबी असते तिथं, हात लावला, बोटांचा मुका घेतला आणि मोठ्यानं शालोम म्हणाला. घर होतं म्हस्कू आप्पांचं. तारा वास्तूवाल्यानं सांगितला म्हणून बसवलेला, आणि चौकटीला मेझुझा नव्हता, दुधाची पिशवी अडकवायचा खिळा होता. कुणी देवाच्या नावानं मागायला आलं असं समजून आप्पांनी बायकोला सूपभर शेंगा आणायला सांगितलं. त्यात गिदोननं विचारलं, घरात पंधरा-सोळाचं कोण आहे? आप्पांनी नात आत पाठवली आणि नातू पुढं केला. पप्पू त्याचं नाव. शुक्रवारी घरी काय करता, असं गिदोननं विचारलं तर म्हणाला, पाणी येतं, टाकी भरतो. पण खेळांचं आणि समुद्राचं ऐकल्यावर पप्पूच मेळाव्याला निघाला, त्याला आवरताना दुपार झाली. (शेंगा छान होत्या. ते खरं कुटुंब कधीच वसईला गेलं, असं आप्पांनी निघताना सांगितलं.)

तिथून चौफुला आणि मग न्हावऱ्याचा रस्ता. उसाच्या ट्रॉल्या पुढं, उसाच्या ट्रॉल्या मागं, आणि मध्ये मी पाचटानं माखलेली. पारावर शिमशोनचं घर विचारलं तर एकानं चर्चचा पत्ता सांगितला, दुसऱ्यानं दर्ग्याचा. तिसरा बिरदेव निघाला, शिमशोनचा शेजारी. तो म्हणाला, "ते शनवारवाले व्हय? माझ्यामागं या." आपले लोक कोकणात तेल गाळत होते आणि शनवारी घाणा बंद ठेवत होते, तेव्हा जे नाव पडलं तेच इथं गायी राखून टिकलंय. मला बरं वाटलं. तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही.

शिमशोननं तो बिनसाखरेचा चहा पाजला आणि गिदोनचं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, न्हाई. गोठा आहे, धारा आहेत, पोरगी जाणार न्हाई. आता उजेड आहे तवर शिरूर गाठा. (शिरूरला मुक्काम होता, मंडळींच्या ओळखीच्या घरी.) दिना दारात उभी होती. उंच झाली आहे, नाक तुझं, बिचारी. पदरासारखी ओढणी पिळत राहिली. आम्ही उठलो, तर गिदोनला गाडीची किल्ली सापडेना. खिसे पाहिले, गोठा पाहिला, शेणात काठी घातली. आजकालची पोरं, डोकं मोबाइलमध्ये, हातातल्या वस्तूचं भान नाही. शोधता शोधता सूर्य कलला, शिमशोनच्या बायकोनं, हेलननं, वातीचा दिवा पुढं ओढला आणि सगळ्यांना कळलं की झालं. शुक्रवारचा सूर्य बुडाला की आपला शनवार, शाब्बाथ लागला, आता गाडीवर बसायचं नाही. उद्या चांदण्या दिसेपर्यंत आत्या इथंच. शिमशोनचं तोंड पाहायला तू हवा होतास. घरात जप्तीवाले आल्यासारखं झालं होतं.

पण एलिजा, काय शनवार झाला. माझ्या लग्नात एवढी गर्दी नव्हती. गिदोन एकट्या दिनासाठी खेळ घ्यायला अंगणात बसला आणि बघता बघता आळीतली सगळी पोरं आली. बिरदेवची प्रगती आली, दोन पोरगे क्रिकेट टाकून आले. गिदोन गाणं सांगायचा आणि त्याचा अर्थ दिना सांगायची. जी पोरगी आदल्या दिवशी ओढणी पिळत होती ती शेजाऱ्यांना सांगत होती, आम्ही शनवारी काम का करत न्हाई, आम्ही दूध आणि मटण एकत्र का खात न्हाई, आम्ही ख्रिश्चन न्हाई, मुसलमान न्हाई, कवापासून सांगतेय. प्रगती म्हणाली, मग तुमच्यासारखी दुसरी पोरगी कुठं हाय? दिना म्हणाली, "मी अजून बघितली न्हाई." मी रडणारी बाई नाही, मी उठून गायीला पाणी दाखवलं.

संध्याकाळी बिरदेवची बायको म्हाळसा धारेला आली. शनवारी आपली माणसं धार काढत नाहीत, म्हणून ती काढते आणि त्या दिवसाचं दूध तिचं, असा त्यांचा जुना ठराव. मी मोठ्यानं म्हटलं, शिमशोन, मेळाव्याचे दिवस तेवढे धारेचं कसं करायचं ते कुणीतरी सांगा बाबा. म्हाळसा गायीखालूनच बोलली, "त्यात काय, मी हाय की. दूध तुमचं, फकस्त शनवारचं माझं." संपली गोठ्याची सबब. मग थंडी वाजते, मग अभ्यास आहे, मग समुद्राची भीती. एकेक सबब मी हेलनच्या चपातीसारखी उलटून भाजली. (हेलन आमच्या बाजूची आहे, पण नवऱ्यासमोर नुसती भांडी आपटते. भांडी चांगली आपटते.)

शेवटी शिमशोन गव्हाणीवर बसला आणि खरं बोलला. म्हणाला, "आत्या, मेळाव्याचं भ्या न्हाई. तिथं गोडी लागंल, मग ही तिकडं इस्राएलात जाईल. गेलेलं माणूस माघारी येत न्हाई. आबा दोन वर्षांसाठी गेले हुते. मी त्यांना स्टेशनावर सोडायला आलो तवा दिनाएवढाच हुतो." मी मलिद्याला लागेल तो गूळ पुढं ओढून ठेवला. मग दिनाच बोलली, दारातूनच. म्हणाली, "पप्पा, मी गेले तर म्हशीच्या रेडकाला औषध कोण पाजणार? मला यावंच लागंल की." शिमशोन हसला नाही. पण तिथून उठून गेलाही नाही.

चांदण्या दिसल्या, हेलननं पोहे भिजवले, खोबरं, गूळ, खजूर, फळं मांडली, एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं. बिरदेवचं कुटुंब ताटाला बसलं. तेवढ्यात किल्लीही सापडली, गोठ्यात, असं हेलन म्हणाली. आज सकाळी दौंडला पोचले. कंबर गेली आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं म्हणते.

तुझी मोठी बहीण,
लेआ

ता. क. किल्ली हरवली नव्हती. ती मी डब्यात, पोह्यांच्या तळाशी ठेवली होती. हेलनला पोहे धुताना सापडली, तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि गोठ्याचं नाव घेतलं. गिदोनला सांगू नकोस, तो तीन वेळा माझी माफी मागून गेला आहे आणि मी दिली आहे.

ता. क. दुसरं. निघताना शिमशोन फाटकापर्यंत आला. म्हणाला, "आबा येऊ देत. गेलेलं माणूस परत येतं, हे मला एकदा दिसू दे. ते स्वतः दिनाला मेळाव्याला घेऊन गेले तर माझी ना न्हाई." तेव्हा डिसेंबरात यायचं आहे. गुडघे घेऊन यायचं, विमानात बसायचंच असतं, चालायचं नसतं. न्हावऱ्यात जाऊन आधी मुलासमोर बस, काही बोलू नकोस, चहा बिनसाखरेचा असला तरी पी.

ता. क. शेवटचं. उत्तर तू लिहायचं नाही. तुझं "बघू" मी स्टेशनापासून ऐकते आहे. उत्तर सिम्हानं लिहायचं, आणि मला नाही, न्हावऱ्याला, दिनाच्या नावानं.