पाटीवरचं घर

॥ श्री ॥

अहमदनगर,
कार्तिक वद्य अष्टमी, शके १८६५

प्रिय दमू,

एरवी मी पोस्टकार्डावर 'चि. सौ. दमयंतीस अनेक आशीर्वाद' असं लिहिते. ते कार्ड आधी तुझ्या सासूबाई वाचतात, मग जावईबापू, आणि उरलंसुरलं तुझ्या वाट्याला येतं. म्हणून त्यात पाऊसपाणी, तब्येत आणि देवाची कृपा याखेरीज काही नसतं. आजचं पत्र मात्र तुझं एकटीचं आहे. लंकाबाई कासारीण पाथर्डीला, तुमच्या गावच्या बाजाराला निघाली आहे, तिच्याबरोबर हिरव्या बांगड्यांच्या कागदात गुंडाळून पाठवते. मी तिला विचारलं, तुला आत सोडतील का गं? तर म्हणाली, "बाईसाब, बांगडी भरताना पोरीचा हात माज्या हातात असतोय, तवा कुनी आडवं येत न्हाई." तिच्या आडोशाला बसूनच वाच आणि तिच्याच टोपलीत परत टाक. पत्र लांबणार आहे. तिला सांगितलंय, सावकाश भर, वेळ लागला तर दोन बांगड्या वाढव, पैसे मी देईन. पैपैचा हिशेब ठेवणारी तुझी आई असं म्हणाली यावरूनच काय ते समज.

घरी सगळं ठीक आहे. तुळशीचं लग्न झालं. रेशनची साखर दिवाळीतच संपली, म्हणून प्रसादाला गूळखोबरं केलं. तुझ्या आत्याबाईंचे गुडघे दुखतात, पण तोंड चालू आहे. दिवाळसणाला तुम्ही दोघं येऊन गेलात त्याचं कौतुक अजून आळीत चालू आहे, जावई किती शांत, किती नम्र म्हणून. मी मान डोलावते. तीन आठवडे नुसती मान डोलावते आहे.

पाडव्याची दुपार तुला आठवत असेल. जेवणं झाली होती, सोप्यात सतरंजी टाकली होती आणि चुलत्यांच्या शामकांतने पुण्याहून आणलेला तो खेळ काढला. कॉलेजची मुलं खेळतात म्हणाला. चिठ्ठी उचलायची, तीत लिहिलेलं पाटीवर काढायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून तुझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून मीच चिठ्ठ्या केल्या. ओळखेल त्याला एक चिंचोका. पाटी तुझीच, शाळेतली, कोपरा उडालेली. आत्याबाईंनी हत्ती काढला आणि सगळे 'वांगं, वांगं' म्हणून ओरडले. माझी समई शामकांतला आंब्याचं कलम वाटली. नानांनी टांगा काढला तेव्हा तो म्हणाला, "काका, ही शेळी आजारी दिसते, डॉक्टरला दाखवा," आणि नाना इतके हसले की पानाचं तबक कलंडलं. जावईबापू लोडाला टेकून बसले होते. तेही हसत होते. तू तेवढी पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली होतीस. मला वाटलं, नवी नवरी, नवऱ्यासमोर लाजते.

मग तुझी पाळी आली. तू चिठ्ठी वाचलीस, घडी केलीस, मुठीत धरलीस आणि कितीतरी वेळ पाटीकडे बघत राहिलीस. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, चित्र काढायचंय, नवस नाही बोलायचा." मग तू पेन्सिल उचललीस. आधी एक दार काढलंस, बंद. दाराला बाहेरून कडी, आणि कडीत कुलूप. ते कुलूप तू फार सावकाश काढलंस, किल्लीचं भोकसुद्धा सोडलं नाहीस. शेजारी खिडकी, खिडकीला गज. गजांच्या मागे एक बारीकसा ठिपका दिलास आणि पाटी सगळ्यांकडे फिरवलीस.

आत्याबाई म्हणाल्या, पोपटाचा पिंजरा. नाना म्हणाले, सरकारी खजिना. शामकांत टाळी वाजवून ओरडला, "किल्ला! आपला नगरचा किल्ला! तो ठिपका म्हणजे आतले पुढारी!" त्यावर केवढा हशा झाला. तू मान हलवत होतीस, नाही, नाही. आणि जावईबापूंनी पानाचा देठ खुडता खुडता, पाटीकडे पुरतं न बघताच म्हटलं, "घर."

तू मूठ उघडलीस. चिठ्ठीवर माझ्याच हातचं अक्षर होतं, घर.

आत्याबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. "बघा, बघा! लग्नाला वर्ष नाही झालं आणि बायकोच्या मनातलं ओळखतात हो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चिंचोका मीच उचलून जावईबापूंच्या हातावर ठेवला. तेवढ्यात तू पदराने पाटी पुसून टाकलीस, इतक्या घाईने की पदर पांढरा झाला. ठेच लागली की आधी नुसतं बधिर वाटतं, कळ मागाहून येते, तसं मला तेव्हा झालं. काहीतरी लागलं होतं, पण कुठे ते कळलं नव्हतं.

कळ आली ती दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेच्या सकाळी. मी तुला कोठीच्या खोलीतून लोणच्याची बरणी आणायला पाठवलं. वाऱ्याने दार लागलं. मी ताटं वाढत होते, वाट बघितली, हाक मारली, तुझा पत्ता नाही. शेवटी मीच गेले आणि दार ओढलं. दमू, तू दाराच्या आत, अगदी दारासमोर उभी होतीस, दोन्ही हातांत बरणी धरून. रडत नव्हतीस, घाबरलेली नव्हतीस. नुसती उभी होतीस, कुणीतरी उघडेल म्हणून. मी म्हटलं, अगं, लोटायचं की! तू म्हणालीस, "उघडंच होतं होय?" आणि हसलीस. त्या कोठीला कडी नाही, दमू. कधीच नव्हती. ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याच कोठीत तू भातुकली मांडायचीस, आणि मी रागावले की पायाने दार ढकलून पळायचीस.

मला तुला विचारायचं होतं, पण तोवर जावईबापू मागे येऊन उभे राहिले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते नेहमीच तिथे असतात. मी तुला विचारलं होतं, सासरी करमतं का, तर उत्तर त्यांनी दिलं, छान करमतं. विचारलं, अजून चार दिवस राहशील का, तर तेच म्हणाले, आईला हिच्यावाचून सुचत नाही. भाजी आवडली का, हेसुद्धा तेच सांगायचे, आणि तू आधी त्यांच्या तोंडाकडे बघून मग मान हलवायचीस. माहेरच्या त्या सगळ्या मुक्कामात तू स्वतःहून एकच गोष्ट सांगितलीस, आणि ती पाटीवर. बोलायचं नाही असा नियम होता ना त्या खेळाचा. आमची बोलती बंद झाली की तारांबळ उडत होती. तुला मात्र तोच नियम सोयीचा पडला.

आणि ते ज्यांनी लगेच ओळखलं, त्यांनी कसं ओळखलं? आम्हाला पिंजरा दिसला, खजिना दिसला, किल्ला दिसला, कारण आमच्या डोक्यात घर म्हटलं की तसलं काही येतच नाही. त्यांना ते बघावंही लागलं नाही. ते कुलूप त्यांच्या रोजच्या हातातलं होतं. हे माझ्या मनात आलं तेव्हा मी देवापुढे वाती वळत होते. वात तशीच हातात राहिली.

पण तोवर तुम्ही मोटारीत बसून गेला होतात. अनारशांचा डबा मीच तुझ्या मांडीवर ठेवला होता. पेट्रोलअभावी कोळशावर चालणाऱ्या मोटारीचा धूर डोळ्यांत जातो म्हणून सगळे डोळे पुसत होते, मीही पुसले. तू काही मागे वळून पाहिलं नाहीस.

नानांना सांगितलं तेव्हा ते माझ्यावर चिडले. म्हणाले, "पाटीवरच्या चार रेघा बघून नांदती लेक कुणी परत आणतं का? उद्या लोक विचारतील, काय झालं हो, तर सांगू काय, चित्र काढलं म्हणून?" आत्याबाई म्हणाल्या, सासरी थोडंफार चालायचंच, आपण नाही का काढले दिवस. मला वाद घालता येत नाही, हे तुला माहीत आहे. हिशेब विचारा, एकादश्या विचारा, ते मी चोख सांगेन. आठ-दहा दिवस तसेच गेले. तुळशीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला घेतली आणि 'शुभमंगल'शी थांबून अक्षता तशाच ताटात ठेवल्या.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला मी पाटी नानांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, मागचं राहू द्या, आपलं घर काढून दाखवा. ते म्हणाले, आता हे काय खूळ? पण काढलं. तुला माहीत आहे, चित्र काढायला त्यांना आवडतं, येत नसलं तरी. छप्पर काढलं, दार काढलं, दारात तुळस, तुळशीपुढे मी, म्हणजे एक भोपळा आणि त्याला अंबाडा. मी विचारलं, दाराला कुलूप नाही का काढलंत? ते पेन्सिल न थांबवता म्हणाले, "घरात माणसं असताना बाहेरून कुलूप कशाला?"

आणि तिथेच थांबले.

ते पाटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग परत पाटीकडे. त्यांचा चेहरा असा झाला की मला आमच्या मामंजींच्या जाण्याची तार आली होती तो दिवस आठवला. शेवटी म्हणाले, "आणि तो ठिपका?" मी म्हटलं, आपल्या दमूचं कुंकू. ते उठले, खुंटीवरचं उपरणं काढलं, परत अडकवलं, परत काढलं. त्या वेळी मोटार नव्हती, नाहीतर तसेच निघाले असते. त्या दिवसापासून ते चित्राबद्दल बोलत नाहीत, पण कचेरीतून रजा मागून घेतली आहे. आत्याबाई अजून 'लोक काय म्हणतील' म्हणतात. म्हणू देत.

आता नीट वाच. येत्या एकादशीला आम्ही दोघं येत आहोत. कोळशाची मोटार वाटेत बंद पडली नाही तर दुपारपर्यंत पोचू. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घेऊ नये अशी आपल्याकडे रीत आहे, ती मी मोडणार नाही. जेवायला बसा म्हणतील, चहा घ्या म्हणतील, आत या म्हणतील. मी आत जाणार नाही. उंबऱ्याबाहेर बसेन आणि जपाची माळ काढेन. एकादशी आहेच. ती झाली तरी तू बाहेर येईपर्यंत पारणं करणार नाही. उपासाची मला लहानपणापासून सवय आहे, आणि दारात उपाशी बसलेली विहीण किती दिवस ठेवायची, हा प्रश्न त्यांचा. येणारेजाणारे विचारतील, त्यांना मी खरं तेच सांगेन, की लेकीला न्यायला आले आहे.

हे सगळं आधी कळवायचं कारण एवढंच. ते शेवटी तुला पुढे करतील. सगळ्यांसमोर विचारतील, सांग, तुला जायचंय का? इथे तुला काही कमी आहे का? आणि तू सवयीने त्यांच्या तोंडाकडे बघशील, आणि 'नाही, मी बरी आहे' असं काहीतरी तुझ्या तोंडून जाईल, मग नानांना काही करता येणार नाही. म्हणून बाळ, तू उत्तरच देऊ नकोस. त्या खेळाचा नियम धर, तोंडातून अक्षर काढायचं नाही. दागिने राहू देत, लुगडी राहू देत, रुखवताची भांडी राहू देत. दार उघडं असेल, कारण मी दारात बसलेली असेन. लोटलेलं दिसलं तर थांबू नकोस, पायाने ढकल. उंबऱ्याच्या अलीकडे, माझ्या बाजूला, फक्त एक पाऊल टाक. बाकीचं मी ओळखेन. पाडव्यालाही ओळखलं असतं, पण चिंचोका भलत्याच्या हातावर ठेवला.

द्वादशीचं पारणं आपल्या स्वयंपाकघरात, तुझ्या हातच्या भाताने करायचं मी देवापाशी बोलले आहे.

तुझी वाट न बघता तुझ्याकडे निघालेली,
तुझीच,
आई