तीस सेकंदांची ओळ

प्रिय कासवा,

आठ वर्षांनी या नावाने हाक मारतेय, चालेल ना? मला ‘घाई’ म्हणून चिडवणारंही आता इथे कुणी उरलं नाही.

आपण दोघांनी लिहिलेली ती लायब्ररी, इतरांच्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तो तयार कोड, अजून चालते. परवा नव्या लोकांना शिकवताना तुझेच शब्द तोंडात आले: एकाच वेळी शंभर सर्व्हरकडे विनंत्या पाठवायच्या, उत्तरं येतील तशी घ्यायची, पण जो उत्तरच देत नाही त्याच्या दारात तीस सेकंदांपलीकडे ताटकळायचं नाही. त्या तीस सेकंदांच्या ओळीवरून मी तुझी किती टर उडवायचे! तू तर डब्याचं झाकणसुद्धा दोनदा तपासणारा.

तुझी लेक तेव्हा दीड महिन्याची होती. जागरणाने तुझे डोळे तांबारलेले असायचे. त्या दुपारी तू तिला डॉक्टरकडे न्यायला गेलास. मोठ्या साहेबांना काम दाखवायला जेमतेम अर्धा तास उरला होता, आणि चाचणीचा सर्व्हर इतका रडतखडत चालला होता की तीस सेकंद झाले की सगळं बंद पडायचं. माझा कॉम्प्युटर साहेबांच्या खोलीत पडद्याला जोडलेला, तुझा उघडाच. मी तुझ्या खुर्चीत बसले आणि ती ओळ काढून टाकली. बदल तुझ्या नावावर नोंदला गेला. संध्याकाळी परत घालू म्हटलं. टाळ्या पडल्या, पेढे नसले तरी कौतुक झालं, आणि मी विसरले. तीच आवृत्ती पुढे गिऱ्हाइकांकडे गेली.

तीन आठवड्यांनी एका प्रयोगशाळेचा सर्व्हर मुका झाला. त्याची वाट बघत विनंत्या तुंबत गेल्या आणि आपली लायब्ररी वापरणाऱ्या एका इस्पितळाचे सगळे रिपोर्ट दिवसभर अडकले. एका बाईंचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. मीटिंगमध्ये नोंद उघडली, तर तुझं नाव. मला वाटलं, तू भांडशील. तू म्हणालास, झोपेत माझ्याच हातून झालं असेल. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर शेजारच्याच खुर्चीत. तू राजीनामा दिलास, तुझी जागा मला मिळाली. लाज वाटते रे.

मंगळवारी भाजी घेताना वहिनी भेटल्या. हसत सांगत होत्या, बाहेर निघालास की गॅस बंद आहे का बघायला तू तीनदा जिने चढतोस. मग त्यांचं हसू गेलं. लेकीला पोहायला नेत नाहीस म्हणे, आपलं लक्ष राहील याची तुला खात्री वाटत नाही. ऑफिसातल्या त्या चुकीपासून तुझा स्वतःवरचा भरवसाच उडालाय. आज सकाळी मी साहेबांना सगळं खरं लिहून दिलं, त्यांना काय करायचं ते करू देत. तुझी माफी मागायचं तोंड मला नाही. एवढंच सांगते: ती ओळ तू काढली नव्हतीस. तुला ते आठवत नव्हतं, कारण तू ते केलंच नव्हतंस. लेकीला पोहायला ने. आणि गॅस तू पहिल्याच वेळी बंद केलेला असतो.

तुझीच,
घाई