पाण्याला हात न लावता

आई,

परवा माझ्या टेबलावरची काचेची बरणी पाहून एका विद्वानांनी विचारलं, "यात लोणचं नाही घातलं?" मी म्हटलं, "मासोळ्यांना आंबट सोसत नाही." तू असतीस तर त्यांना बसवून शिकवलं असतंस: मासोळी कर्बवायू सोडते, पाणगवत उजेडात तो घेतं आणि प्राणवायू परत करतं; अंधारात मात्र तेही प्राणवायूच खातं.

अकोल्याच्या मुलींच्या शाळेतलं ते चैत्रातलं प्रदर्शन. तुझा शास्त्राचा वर्ग ठेवायचा की मोडायचा, हे शाळा तपासायला येणारे नागपूरचे साहेब त्या दिवशी ठरवणार होते. तुझा सारा पुरावा म्हणजे एक बरणी, तळ्यातलं पाणगवत, दोन मासोळ्या आणि दिवाळीपासून न बदललेलं पाणी. आदल्या दुपारी शाळेच्या सेक्रेटरींच्या पत्नीला उन्हात मासोळ्यांची दया आली. उन्हाळ्यात माठाला गुंडाळतो तसं ओलं फडकं त्यांनी बरणीला गुंडाळलं, चांगलं जाडजूड. सकाळी पाहतो तो मासोळ्या वर येऊन तोंडं उघडताहेत, सेक्रेटरी घामाघूम, आणि साहेब दारात.

"बाई, मरून राहिल्या ना त्या! पाणी बदला!" सेक्रेटरी ओरडले.

"पाण्याले हात लावू नका."

"काहून?"

"पाणी चांगलं हाय. तुमी गवताले अंधारात कोंडलं."

फडकं सोडून तू बरणी खिडकीशी ठेवतेस, उन्हात नव्हे, उजेडात. आणि हात मागे बांधून उभी राहतेस. सेक्रेटरी तांब्या घेऊन दोनदा पुढे येतात. तू नुसती पाहतेस. मग पानांवर बारीक बुडबुडे धरू लागले. एक मासोळी सावकाश खाली गेली. बऱ्याच वेळानं दुसरी. साहेब म्हणाले, "वर्ग चालू द्या," आणि मी मागच्या रांगेतून ओरडले, "माझी आई आहे ती!" शाळेत तुला बाई म्हणायचं असे; संध्याकाळी चुलीपुढे त्याबद्दल बोलणी खाल्ली. आजही तसंच ओरडेन.

माझ्या लेखणीला लोक भितात. ती धार आईची, असं मी अमरावतीभर सांगत असते. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेच बरं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ठणकावून सांगते, "आमच्या बरणीचं पाणी कधी बदलत नाही, आईची रीत आहे." बदलते गं. मासोळी जरा वर आली की माझ्या हातात तांब्या असतो.